पुसण्यापूर्वी केलेली यादी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार दरवेळसारखा लिहिण्यापुरता नाही. कंबरेने साथ दिली असती तर तुझ्या दारात येऊन खरोखरच आडवा झालो असतो.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे माणसं सगळी ठणठणीत आहेत. हाताशी फोन असताना याने पत्र का लिहिलं, असं तुला वाटलं असेल. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला बोलायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. हे मात्र मला शेवटपर्यंत सांगायचं आहे.

तर आपला जुना कॉम्प्युटर. आत्याच्या खोलीतला, खिडकीखालचा. गेल्या वर्षभरात त्याने फारच अंग टाकलं होतं. बटण दाबून मी दाढी करायचो, आंघोळ करायचो, चहा घ्यायचो, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उगवायचं. तुझ्या भावजयीने त्याला केव्हाच भंगारात काढलं होतं (तिच्या त्या यादीत मीही असावा असा संशय आहे). शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने आतली धूळ फुंकली आणि सांगितलं, की यंत्र चांगलं आहे, फक्त त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकावी लागेल, दोन दिवस ठेवून जा. मी पावती मागितली. त्याच्याकडे पावतीपुस्तकच नव्हतं. आता तू मला ओळखतेस. बत्तीस वर्षं कारखान्याचं सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं, सहीशिवाय एक नटबोल्ट दाराबाहेर जाऊ दिला नाही. असा मी आख्खा कॉम्प्युटर बिनपावतीचा सोडून येईन? मी म्हटलं, काय टाकायचं ते माझ्याकडे द्या, मी घरी टाकतो. त्याने एक पेनड्राइव्ह दिला आणि कागदावर सात ओळी लिहून दिल्या. पहिलीच ओळ होती, आत जे काही हवं असेल ते आधी सुरक्षित करा.

ताई, त्या ओळीने मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सुरक्षित करणं हा तर माझा जन्माचा धंदा. आमचं स्टोअर दोनदा एका इमारतीतून दुसरीत हललं, एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही, कारण हलवण्याआधी मी यादी केली होती. माल हलवायचे हमाल. ते माझं काम कधीच नव्हतं. तर मी लांबट वही आणली, रकाने आखले (क्रमांक, नाव, तारीख, आकार, शेरा) आणि चार दुपारी मान मोडून कॉम्प्युटरमधल्या एकूण एक फाइलीचं नाव उतरवून काढलं. अकराशे अठरा नोंदी. एकही खाडाखोड नाही. तिसऱ्या दुपारी भावजय चहा घेऊन आली, बराच वेळ मागे उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पण हे नुसतं लिहून..." मी तिच्यावर खेकसलो, की मधे बोलू नकोस, आकडा चुकतो. ती कप ठेवून गेली. ते वाक्य पुढे काय होतं ते तिने मला परवा सांगितलं. तुला सांगायची गरज नाही.

मग शुभकार्याला बसलो. सकाळपासून घरात कुणाला पंख्याचं बटणही दाबू दिलं नाही. कॉम्प्युटर बिचारा फार सभ्यपणे वागला. त्याने मला स्वच्छ मराठीत विचारलं, की इथलं सगळं कायमचं पुसलं जाईल, तुमची खात्री आहे का? मी वहीवर हात ठेवला आणि हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. एवढ्या खात्रीने मी लग्नालाही होकार दिला नव्हता (हे भावजयीच्या कानावर घालू नकोस). बासष्ट टक्क्यांवर तो तासभर अडला, तेव्हा मी त्याला जरा चुचकारलंदेखील. दुपारी काम फत्ते झालं. बटण दाबून खुर्चीत टेकेपर्यंत चालू! नवाकोरा पडदा, त्यावर कुठल्यातरी डोंगराचं चित्र. मी लाल पेन घेतलं, वही उघडली आणि माल मोजून घ्यायला सुरुवात केली.

नोंद क्रमांक एक नाही. दोन नाही. मला वाटलं, माल मागून येत असेल. ताई, हसू नकोस, मी खरोखर तासभर वाट बघत बसलो. मग वही बगलेत मारून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पहिली चार पानं कौतुकाने चाळली आणि म्हणाला, "काका, यादी एक नंबर आहे. पण माल कुठंय?" मग त्याने दोन दिवस खटपट केली (या खेपेला मी पावतीचं नावही काढलं नाही). जुन्यावर नवं बसलेलं, हाती काही लागलं नाही.

त्या वहीत चारशे दोन ते चारशे चव्वेचाळीस आत्याच्या रेकॉर्डिंगच्या नोंदी आहेत. तू तिला तो मायक्रोफोन आणून दिलास, मनात येईल ते बोल म्हणालीस, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेली आपली आत्या रोज दुपारी त्यावर बोलायला लागली. प्रत्येक वेळी सुरुवातीला "हॅलो, बोला" आणि शेवटी "ठेवते". नावंही तिनेच एका बोटाने टाइप केलेली. "सुपरवायझरशी भांडण". "ताईचे लांब केस". "दोन्ही पोरं माझ्याकडे आली तो दिवस". "धाकटा अजून दार लावतो". ते खरं आहे. ती बोलायला लागली की मला बातम्या ऐकू यायच्या नाहीत, म्हणून मी उठून तिच्या खोलीचं दार लावायचो. आई गेल्यावर जिने आपल्याला पोटाशी धरलं तिचं. त्रेचाळीस वेळा बोलली. ती जाऊन दोन वर्षं झाली, तू दर फोनला विचारायचीस, ऐकलंस का, आणि मी रविवारी ऐकतो म्हणायचो. एकदाच लावलं. "हॅलो, बोला" एवढं ऐकलं आणि घाबरून बंद केलं. मी काय बोलणार होतो?

चारशे बत्तिसाव्या नोंदीचं नाव "धाकट्यासाठी". सतरा मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं आहे, 'स्थिती उत्तम'. ते वाचलं की जेवण जात नाही. मला फार फार वाईट वाटतंय, ताई. फाइली गेल्या याचं वाटतंयच, पण दोन वर्षं तिथे असताना मी कान दिला नाही याचं जास्त.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा

ता. क. या पत्राची प्रत काढून ठेवली आहे. नुसती नोंद नव्हे, प्रत.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. आत्या गेल्यानंतर तू राहायला आली होतीस तेव्हा एका सकाळी त्या कॉम्प्युटरला स्वतःचा पेनड्राइव्ह लावून बसली होतीस. मी तुझ्यावर केवढा ओरडलो, की बाहेरचं काही लावू नकोस, व्हायरस येईल, काढ तो आधी. तू काढलास. काढण्याआधी काही घेतलं होतंस का? किंवा मी बाजारात गेल्यावर पुन्हा लावलास का? लहानपणापासून तू माझं एक अक्षर ऐकलेलं नाहीस आणि त्याबद्दल मी जन्मभर कुरकुरत आलो. त्या सकाळीही ऐकलं नसशील, तर तुझे पाय धरीन.

शेवटचं. ते सतरा मिनिटांचं तुझ्याकडे असेल, तर त्यात काय आहे ते लिहू नकोस, फोनवरही सांगू नकोस. मी दार लावायचो तो विषयसुद्धा तिने त्यात काढला असेल. नुसतं 'आहे' एवढं कळव, मी निघतो. मला तिच्याच तोंडून बोलणी खायची आहेत.