घाटगाण्यातून गाळलेल्या बाया

टण्, टण्, टण्. रिबकाआत्या गायला बसली की मांडीवरच्या पितळी ताटावर बोटातली अंगठी अशी वाजवायची. साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज अजून कानात आहे, यावरून माझी स्मृती शाबूत आहे असे समजावे. मी, हन्नोक रुबेन झिराडकर, वय ८१, धंदा सुतारकी (आता बंद), राहणार जुन्नर, बेने इस्राएली यहुदी, या गावातला आमच्या समाजाचा शेवटचा माणूस, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. दाब कोणाचा नाही. टोचणी आहे, ती पुढे येईल.

१. राहते घर भावाची नात नाओमी हिला द्यावे. ती इस्राएलात अश्दोदला असते, इथे राहायला यायची नाही हे मला कळते. खुशाल विकावे. फक्त दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे देववचनाची नळी, आधी काढून घ्यावी. चौकट सागाची, माझ्या हातची आहे. पटाशी घालून ओरबाडू नये.

२. पोस्टातली ठेव आमच्या कबरस्तानाच्या कुंपणाला लावावी.

३. सर्व हत्यारे, शिसवी रंध्यासह, रहमतुल्ला मिस्त्रीला. तो रंधा पंधरा वर्षे मागत होता, मी दिला नाही. कारण माझी कविता ऐकून तो म्हणाला होता, "हन्नोकभाई, पॉलिश झकास आहे, पण खाली लाकूड कुठंय?" मी दोन वर्षे त्याच्याशी बोललो नाही. तो बरोबर होता.

४. आता वहीविषयी.

आमची माणसे कामधंद्यासाठी कोकणातून नाणेघाट चढून इकडे आली. एलियाहू नबीच्या नावाने आम्ही गोड पोह्यांचा मलिदा करतो, तेव्हा आत्या त्या वाटेचे गाणे म्हणायची. सोळा बाया, प्रत्येकीची एक ओळ: नाव, गाव आणि डोईवर काय होते ते. "चौलाची लेआबाई, डोईवर पाटा. रेवदंड्याची हन्नाबाई, कडेवर लेक, लेकीच्या हाती कोंबडी." आमच्या समाजाचा या भागातला इतिहास म्हणजे एवढेच गाणे. दुसरीकडे कुठे लिहिलेले नाही.

१९६६ साली आत्याची या गाण्याची वही फाटायला आली म्हणून तिने ती मला उतरवून काढायला दिली. मी बावीस वर्षांचा. शाळेतल्या कविता डोक्यात भिनलेल्या, डोळे मिटले की डोंगरावर अरुणोदय. बायांची नावे भुजंगप्रयातात बसेनात. कोंबडी तर कुठल्याच वृत्तात शोभेना. मी सगळ्या बाया गाळल्या आणि त्या जागी धुके, दवबिंदू आणि सह्याद्रीची निळी शिखरे घातली.

देवाचे नाव लिहिलेला कागद आम्ही फेकत नाही, जाळत नाही, पुरतो. जुनी वही मी पांढऱ्या कापडात गुंडाळून, प्रार्थना म्हणून, कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरली. इतक्या आदराने कोणी कधी चोरी केली नसेल.

मग आत्याला नवी वही वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान लिहिलंस रे. पण बाया कुठे गेल्या?"

"आत्या, भाव तोच आहे."

त्यानंतर ती गायली नाही. अजून तीन वर्षे जगली. विचारले असते तर एका दुपारी सगळी नावे सांगितली असती. मान खाली घालावी लागली असती, म्हणून विचारले नाही. ती गेल्यावर कोपरा उकरला, तर कापडात नुसती माती. मला दोनच ओळी आठवतात, त्या वर दिल्या आहेत.

गेल्या वर्षी नाओमीने समाजाच्या संग्रहालयासाठी ती वही मागितली. फोनवर म्हणाली, "आजोबा, हे रिबकाआत्यांचंच ना, शब्द न् शब्द?" मी म्हणालो, "हो बाळ." आता तिकडे काचेत माझी वही आहे, खाली आत्याचे नाव आहे, आणि तिकडची मुले माझे धुके पाठ करतात.

म्हणून नाओमीला आज्ञा: आत्याचे नाव काढून तिथे माझे लिहावे, आणि मी खोटे बोललो हेही लिहावे. शेजारी कोरा कागद लावावा. त्यावर दोन ओळी लिहून चौदा ओळी मोकळ्या सोडाव्यात. माझ्या कबरीवर कवितेची ओळ कोरू नये.

ठिकाण: जुन्नर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

सही: हन्नोक रुबेन झिराडकर

साक्षीदार पहिले: रूपचंद गुगळे, भुसार व्यापारी, जुन्नर (सही केली)

साक्षीदार दुसरे: भिमाजी नेहरकर, येडगाव (सही बाकी)

जादा मजकूर, रूपचंदशेठसमक्ष: भिमाजीला कच्चा कागद वाचायला दिला होता. आज सहीला त्याची वाट पाहत असता दारात त्याची आई चिमाबाई, वय ८६, काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांचे माहेर आमच्या शेजारी होते. त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहितो:

"भिमाजी मागनं येतोय. मला त्यानं कागद वाचून दाखवला. सोळा कुठल्या वं भाऊ? सतरा व्हत्या. शेवटची माझी आज्जी, भागू. तुमच्या लोकांना घाटातली वाट तिनं दावली, म्हणून आत्यानं तिला बी गाण्यात घातली. ल्हानपणी आत्यापाशी बसून मी अख्खं गाणं रोज म्हणायची. तुमाला ती सुदिक आठवंना? आता खुर्ची द्या आन् लिवायला घ्या."