दोनदा वापरलेलं रीळ

१४ जून, सकाळ

प्रिय शिट्टी,

अनेक आशीर्वाद. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पण तुझ्या खऱ्या नावाने पत्र सुरू केलं की वीज कंपनीला तक्रार लिहिल्यासारखं वाटतं. तू आणि तुझी बायको खुशाल असाल. माझा गुडघा आहे तसाच आहे.

तुझं कार्ड पोचलं. "मी येत नाही. माझ्यासाठी काही ठेवू नकोस." छापखान्यात चौतीस वर्षं मी प्रुफं तपासली, या दोन वाक्यांत दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही.

बाबांना मार्चमध्ये शुश्रूषागृहात हलवलं. घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं आहे. भिंगं घासायचं त्यांचं यंत्र एका चष्मेवाल्याने नेलं. उरली ती तेवीस रिळं आणि आपली इंजिनांच्या नंबरांची वही.

रिळं टाकण्याआधी एकदा बघावीत म्हणून जुन्या फिल्मवरून कॉपी करून देणाऱ्या एका गृहस्थाकडे नेली. माझ्याच वयाचा आहे. त्याने डबा उघडला आणि मान मागे घेतली. "सिरका आणलात की काय, बाई?" फिल्म सडायला लागली की असा वास येतो म्हणे, आणि ती आक्रसते. चौदा रिळं यंत्रातून सरकलीच नाहीत. नऊ बघितली. पादचारी पूल, खाली रूळ, इंजिन, धूर, पुन्हा इंजिन. एक रीळ सोडलं तर बाबांनी माणसं कधी टिपली नाहीत. एका कोपऱ्यात तुझा कान तेवढा आहे.

वही मांडीवर घेऊन बसले होते. गाडी दिसायच्या आधीच तू शिट्टी मारायचास, मग कठड्याला लटकून नंबर ओरडायचास आणि मी लिहायची. बाबा म्हणायचे, "कारट्याचे डोळे आहेत की दुर्बीण? याला चष्मा विकायची आशा सोडा." मला मात्र तुझे आकडे पटायचे नाहीत. माझ्याकडे इंजिनांची छापील यादी होती. यादीत नसलेलं इंजिन आपल्या रुळांवर येईलच कसं? घरी आल्यावर मी लाल शाईने तुझे आकडे खोडायची. "ताई, तू बघितलंस तरी का?" असं तू विचारायचास. "बघायला कशाला हवं? मला माहीत आहे," असं माझं उत्तर.

चित्र थांबवलं की इंजिनावरचा नंबर वाचता येतो. वहीत तुझं २३१३ खोडून मी २३१८ केलं होतं. पडद्यावर २३१३ होतं. मी त्या गृहस्थाला सहा ठिकाणी थांबायला लावलं. सहाही ठिकाणी तू बरोबर होतास. तो म्हणाला, "इंजिनाच्या नंबरासाठी कोणी इतकं पांढरं पडत नाही, बाई. पाणी देऊ?"

पाणी प्यायले आणि त्याला शेवटचं रीळ लावायला सांगितलं. कोणतं ते तुला कळलं असेल.

आई पुलावर एकदाच आली. वाफेच्या इंजिनांचा शेवटचा रविवार होता आणि तिचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. दर चार पायऱ्यांना थांबत ती वर चढली आणि बाबांना म्हणाली, "म्हटलं, सवतीला निरोप देऊन यावं." बाबांनी पहिल्यांदाच रुळांकडे पाठ केली आणि अख्खं रीळ तिच्यावर संपवलं. मग ते तुझ्या हातात दिलं. वापरलेलं रीळ डबीत घालून डबीला चिकटपट्टी लावायची, म्हणजे कोऱ्यात मिसळणार नाही, हे तुझं काम. तू ते केलंस.

रिळं धुऊन आली तेव्हा आई जाऊन तीन आठवडे झाले होते. बाबांनी भिंतीवर चादर ताणली. आई हसते आहे आणि तिच्या कपाळातून मालगाडी चालली आहे. डब्यामागून डबा, तिच्या तोंडावरून. दुसरं रीळ कोरंच राहिलेलं, नुसतं काळं. बाबांनी दिवा बंद केला. "चिकटपट्टी कोणी लावली होती?"

"मी," तू म्हणालास. खोटं नव्हतंच ते. त्यांनी तुला मारलं नाही. "डोळे असून आंधळा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कधी तुला पुलावर नेलं नाही. अठराव्या वर्षी तू घर सोडलंस.

शिट्टी, तू चिकटपट्टी बरोबर डबीला लावली होतीस. मी पिशवी उघडून तुझं काम तपासलं. तू चुकला असणार असं मीच ठरवलं, ती पट्टी काढली आणि दुसऱ्या डबीला लावली. तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. मी विचारलं नाही. बाबांनी मग पट्टी नसलेलं, आईचं रीळ कॅमेऱ्यात भरलं.

चादरीवर मालगाडी दिसली त्याच क्षणी मला कळलं होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पण नंतर तीस वर्षांची होते, पन्नास वर्षांचीही होते.

त्या गृहस्थाला मी विचारलं, मालगाडी काढून टाकता येईल का. "दोन्ही एकाच फिल्मवर उमटलंय, बाई. वेगळं होत नाही. कोणी करून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका."

बाबांनाही सांगितलं. तीनदा, शेवटी मोठ्या अक्षरांत लिहून. ते मला ओळखत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला का, विचारतात. आईचं नाव त्यांना आठवत नाही. पण 'रीळ' शब्द वाचला आणि स्वच्छ म्हणाले, "पोराने डब्या बदलल्या." मी म्हटलं, "पोराने नाही, मी बदलल्या." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "त्याची बाजू घेऊ नका, बाई."

डॉक्टर आठवडाभराचं बोलतात. हे पत्र 'लवकर ये' असं लिहायला बसले होते. ते आता लिहीत नाही. मला ते ओळखत नाहीत. तुला ओळखतील, अशी मला भीती आहे.

रिळं उद्या कचऱ्याच्या गाडीत जातील. वही सोबत पाठवते आहे. तू काही ठेवू नको म्हणालास, तरीही. सहा ठिकाणी माझी लाल दुरुस्ती खोडून तुझे आकडे परत लिहिले आहेत. बाकीच्या पानांवर कोण बरोबर होतं, ते आता कोणालाच सांगता यायचं नाही.

उत्तराची वाट बघत नाही. खाली सही म्हणून तू मारायचास तीच हाक लिहिली आहे. ती खोडावीशी वाटली तर खोड. या वेळी मी तपासायला येणार नाही.

ताई