शेजारची सीट

९ फेब्रुवारी
रविवार, सकाळ

ड्रायव्हरसाहेब,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवत जा. फोनवर तुम्ही "हं", "बरं" आणि "ठेवतो" याच्या पुढे जात नाही, म्हणून पुन्हा पेन हातात घेतलं. पत्राला तरी उत्तर द्यावं लागतं.

नात मजेत आहे. शाळेत तिला दोन मैत्रिणी मिळाल्यात. तिघी मिळून कोणती भाषा बोलतात ते देवालाच ठाऊक, पण खिदळणं अखंड चालू असतं. आपली लेक आठवीला गणित शिकवते. पहिल्या दिवशी मुलांनी तिला सरळ नावाने हाक मारली, तर बाईंना घाम फुटला. आता सवय झाली. परवा म्हणाली, "आई, इथली मुलंही अपूर्णांकांना तितकीच घाबरतात गं." हे सांगताना इतकी खूश होती, जसं काही माहेरचंच कोणी भेटलं!

दोन देशांतल्या शिक्षिकांच्या या वर्षभराच्या अदलाबदलीची मला अजून गंमत वाटते. पाहुण्या बाई तिकडे आपल्या लेकीच्या घरात राहतात, तिच्या वर्गाला शिकवतात, आणि आम्ही त्यांच्या घरात, त्यांच्याच गाद्यांवर लोळतो. जिना इतका उभा आहे की मी बसून उतरते. नातीला वाटतं आजीने नवा खेळ काढलाय. फळीवर एक कान तुटलेला कप आहे. हा माझा आवडता, जपून, असं त्या जाताना बजावून गेल्या होत्या. लेकीनेही त्यांना आपल्या शेगडीचं हट्टी बटण दाखवून ठेवलं होतं. तुम्ही जाऊन ते बटण बघता ना? शेजारधर्म म्हणून तरी बघा. एकटी बाई आहे.

गाडीसुद्धा अदलाबदलीत आली. त्यांची इथे आमच्याकडे, आपल्या जावयांची तिथे त्यांच्याकडे. सुट्टी लागली की आम्ही डबा भरून बाहेर पडतो. गेल्या आठवड्यात एका तळ्यावर गेलो, तर तळं गोठलेलं! लोक त्यावरून चालत होते, कुत्री पळत होती. मी काठावर खांबासारखी उभी. नात म्हणाली, "आजी, ये ना, काही होत नाही." शेवटी तिचं बोट धरून गेले. खाली काळं पाणी आणि वर मी, माझ्या वजनासकट. जन्मभर तुम्ही प्रवाशांना गावोगाव फिरवलंत, आणि सुट्टीच्या दिवशी "आज चाकाचं तोंड बघायचं नाही" म्हणून आडवे झालात. मी आता सगळी कसर भरून काढते आहे.

परत येताना घाट लागला. धुकं होतं. जावईबापूंना वळणं सोसत नाहीत. बिचारे पिशवी दोन्ही हातांनी तोंडाशी धरून बसले होते आणि नात त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. पण काळजी करू नका, गाडी छान चालते. मी पुढे बसते.

तुम्ही आमच्याबरोबर का आला नाहीत, असं इथे कोणी विचारलं की मी तुमची कारणं जशीच्या तशी सांगते. गुडघे, कुंड्या, मांजर. खरं कारण मला ठाऊक आहे. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत तुम्हाला बसवत नाही. निवृत्त झाल्यापासून बसमध्येसुद्धा दारात उभे राहता. भाचीच्या लग्नाला जाताना रिक्षात तुमचा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता. मी सगळं बघत होते.

लेक तुमची चौकशी करते. म्हणजे, मी सांगते तेव्हा ऐकून घेते.

गोळ्या वेळेवर घ्या. मांजराला दूध द्या, पण तुमच्या कपातलं नको.

म्हातारपणी पुढच्या सीटवर बसायला मिळालेली,
तुमची सौ.


२ एप्रिल
शाळेला सुट्टी

ड्रायव्हरसाहेब,

नमस्कार. तुमचं पत्र कधीच मिळालं. मी एवढी बर्फावरून चालले, त्याबद्दल त्यात एक अक्षर नाही! कुंड्यांना नवी पानं फुटली आणि जावईबापूंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती तर स्टिअरिंग कोणी धरलं होतं, एवढंच. हुशार आहात. चोर बरोबर पकडलात. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच.

तर आता ऐका. गाडी आपली लेक चालवते. आल्या आल्या, शाळा सुटल्यावर तिने शिकवणी लावली, परीक्षा दिली, परवाना काढला. मला बजावलं, "बाबांना सांगू नकोस." तुम्ही म्हणता तिला सांगू नकोस, ती म्हणते त्यांना सांगू नकोस. तुम्हा बापलेकींपायी माझ्या पोटाचं गोदाम झालंय.

कॉलेजात असताना तिने तुम्हाला किती हौसेने विचारलं होतं. गल्लीतल्या अर्ध्या पोरांना तुम्ही डेपोमागच्या मैदानात गाडी शिकवलीत, आणि ती आली तर म्हणालात, "तुझं काम नाही ते." मान खाली घालून आत गेली पोर. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्यानंतर तुमच्याकडे दुसरंही काही मागितलं नाही. त्याच आठवड्यात तुम्ही घाटात ती चेपलेली स्कूटर बघून आला होतात. चालवणारी तिच्याच वयाची होती. दोन दिवस तुमच्या घशाखाली घास उतरला नव्हता. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि तुम्ही शपथ घातलीत म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही. तिला आजही वाटतं, बाबांना मुलीची किंमत नव्हती.

आता एक गंमत सांगते, मग भांडते.

गाडी काढण्याआधी लेक काय करते माहीत आहे? गाडीला एक पूर्ण चक्कर मारते, प्रत्येक चाकापाशी वाकून बघते, बॉनेटवर दोनदा थाप मारते आणि मगच आत बसते. हे इथल्या शिकवणीत कोणी शिकवत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डब्याची पिशवी घेऊन दारातच थांबले. तुम्हीच दिसलात हो मला, खाकी कपड्यातले. शेजारचे आजोबा खिडकीतून हे रोज बघत. त्यांना वाटलं, बाईचं काहीतरी हरवलंय. एके दिवशी सकाळीच टॉर्च घेऊन आले आणि सरळ गाडीखाली शिरले! भाषा कोणाला नीट येत नाही. लेक म्हणते, काही नाही, काही नाही. ते म्हणतात, सापडेल, सापडेल. जावईबापूही मग लाजेकाजेस्तव खाली वाकून शोधायला लागले. शेवटी नातीने चक्कर मारून, थापा मारून सगळं करून दाखवलं, तेव्हा आजोबांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके हसले की त्यांना धरून उभं करावं लागलं. आता तेही त्यांच्या गाडीला चक्कर मारतात. समोरच्या बाईही मारतात. सकाळी आमच्या गल्लीत सगळे गाड्यांना प्रदक्षिणा घालत असतात, आणि याचं मूळ कुठे आहे हे त्यातल्या कोणालाच ठाऊक नाही.

मी लेकीला म्हटलं, "हे कोणाकडून शिकलीस?" म्हणाली, "कुठे काय? गाडी अशीच काढतात ना!"

आता भांडण.

गेल्या सोमवारी पाहुण्या बाईंचा निरोप आला. लेकीने मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना म्हणे तिकडच्या गर्दीत गाडी घालायची भीती वाटायची. "पण तुझे बाबा रोज संध्याकाळी शेजारी बसून शिकवतात, मंडईच्या चौकातून मी परवा एकटीने गाडी काढली, ते रागावत नाहीत, नुसतं 'हळू, हळू' म्हणतात, तुमच्या भाषेतला हाच शब्द मला सगळ्यात आधी आला." फार गोड लिहिलं होतं त्यांनी.

लेकीने फोन पालथा ठेवला. उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "परक्या बाईला शिकवलं." बस, एवढंच. मलाही तुमचा असा राग आला की समोर असतात तर खैर नव्हती. फोन करणार होते, पण तुम्ही "हं" म्हणाला असतात आणि माझा रक्तदाब वाढला असता.

मग दुपारी मोजे वाळत घालताना एकदम लक्षात आलं. अहो, तुम्ही शेजारच्या सीटवर बसलात! रोज बसता आहात! आणि तेही नवशिक्या हाताच्या भरवशावर, आपल्या मंडईच्या चौकात, जिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणजे तुम्हाला बसता येतं. म्हणजे आता गुडघे, कुंड्या, मांजर, काही म्हणजे काही चालणार नाही.

जूनमध्ये इथली शाळा संपते. परतण्याआधी लेकीने मोठा बेत आखलाय. थेट समुद्रापर्यंत जायचं, वाटेत मुक्काम करत. नातीने डब्यात काय काय हवं ते आत्ताच ठरवलंय. काल लेक नकाशा पसरून बसली होती. म्हणाली, "आई, एवढ्या लांबच्या रस्त्याला शेजारी कोणीतरी रस्ता कळणारं माणूस हवं. तू तर झोपतेस." मी म्हटलं, "मग बोलाव की त्यांना." तर नकाशाची घडी घालायला लागली. तुमचीच मुलगी, आधी बोलणार नाही.

त्या स्कूटरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं आहे. मला तुमची दोघांची भीती वाटते हो. वर्ष संपेल, आम्ही परत येऊ, तुम्ही स्टेशनवर बॅग उचलाल, ती "असू द्या बाबा" म्हणेल, आणि पुन्हा सगळं तसंच चालू राहील. मला ते बघवणार नाही.

या. मी मागे बसेन, जावईबापूंची पिशवी धरायला.

वाट बघणारी आणि अजून रागावलेलीच,
तुमची सौ.


१८ एप्रिल

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायची मला सवय नाही, ते खातं तुझ्या आईकडे. हे तिलाही वाचायला दे, नाहीतर ती चोरून वाचेल.

पिशवीचं पत्र आलं तेव्हाच ओळखलं की गाडी तू चालवतेस. धुक्यात घाट उतरलीस आणि तुझी आई निवांत पुढे बसली होती, म्हणजे हात चांगला असणार. ती उगाच कोणावर विश्वास टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्या बाईंकडे गेलो. शेगडीचं बटण बघितलं आणि म्हटलं, चला, गाडी काढा. त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी गेलो. गाडी त्यांना येतच होती, आपल्या गर्दीची तेवढी भीती होती. शेजारच्या सीटवर बसायला शिकायचं होतं ते मला. पहिल्या दिवशी चौकात माझा शर्ट भिजला, पाय इतका दाबला की पोटरीत गोळा आला. "हळू, हळू" मी त्यांना नाही, माझ्या पायाला म्हणत होतो. आता बरंच जमतं. तुझी गाडी तर त्यांच्यापेक्षा नक्कीच चांगली असणार.

मैदानात गाडी शिकवायला तुला नाही म्हणालो, त्यामागे एक गोष्ट आहे. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. तुझ्या शेजारी बसून सांगेन. रस्ता सरळ असेल तिथे सांगेन, म्हणजे तुझं लक्ष विचलित होणार नाही.

विमानाचं बघायला तुझ्या शाळेतला कारकून मदत करतो आहे. कुंड्या आणि मांजर पाहुण्या बाईंकडे. गुडघे बरोबर आणतो.

चाकं बघताना मागचं डावं नीट बघत जा, अंगणातून गाडी काढताना कठड्याला घासतं ते तेच असतं. चक्कर पूर्ण मारतेस हे आईने कळवलं. ते वाचून मी बराच वेळ अंगणात उभा होतो.

माझा पाय मध्येच हलला तर तिकडे बघू नकोस. तू समोर बघ.

तुझ्या शेजारी बसायला निघालेला,
बाबा