खंडेरावांना हरवायचं

२५ नोव्हेंबर २००१, रविवार

दुसरा. पुन्हा दुसरा!

चार वर्षांतली ही अकरावी ऑटोक्रॉस, म्हणजे कच्च्या जमिनीवरची मोटारींची शर्यत, आणि आठव्यांदा दुसरा. ओझरच्या अलीकडे माळावर ट्रॅक आखला होता. रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून, त्यात बांबू रोवून केलेले खांब, आणि त्यांच्यामधून वेड्यासारखी वळणं. खांब पाडला की पाच सेकंदांचा दंड. मी एकही पाडला नाही. एक मिनिट चव्वेचाळीस. खंडेराव – एक बेचाळीस.

त्यांची गाडी मारुती आठशे, माझीही आठशे. माझी ब्याण्णवची, त्यांची त्याहून जुनी. मागची सीट काढून टाकलेली, रोज पहाटे तिथं शेवंतीच्या पाट्या असतात. मी आठवडाभर कार्बोरेटर उघडून बसतो. ते आदल्या संध्याकाळी गाडीतल्या पाकळ्या झाडतात आणि येतात. बावन्न वर्षांचा मखमलाबादचा शेतकरी, आणि आमच्या गटात सहा वर्षं पहिला.

घरी आलो तर शुभांगीनं निकाल विचारलाही नाही. चहा ठेवला. पाठ धरली आहे. उद्या पहिली पाळी.

२८ नोव्हेंबर

दोन मशिनं बंद. माणसं तीन कमी. दिवसभर उभा. लिहायलाही नको वाटतं.

१ डिसेंबर, शनिवार

सुट्टी. झोपलो.

८ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. खंडेरावांची बायको – नवसाबाई. त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या मळ्यात. मखमलाबादहून दोन बस बदलून सातपूरला आल्या होत्या, पिशवीत मेथी आणि वांगी. शुभांगीनं पाणी दिलं. बराच वेळ त्या भाज्यांचंच बोलत राहिल्या. मग खंडेरावांचं काढलं.

दिवाळीनंतर खंडेराव बांधावर चक्कर येऊन पडले म्हणे. दवाखान्यात नेलं. छातीतली नळी बंद झालीय, ऑपरेशन करा, आणि ही असली गाडी चालवणं आजपासून बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. खंडेराव गोळ्या घेऊन घरी आले. क्लबात कुणाला काही सांगायचं नाही, अशी बायकोला शपथ घातली. आणि परवाच्या ओझरच्या शर्यतीत पहिले आले!

मी म्हटलं, वहिनी, मी त्यांच्याशी बोलतो. त्यांनी मान हलवली. बोलून होणारं नाही. ते सगळ्यांना एकच सांगतात – पहिला येतोय तवर चालवणार, ज्या दिवशी कुणी मागं टाकील त्या दिवशी बंद. आणि खंडेराव शब्दाचे पक्के आहेत, हे मलाही माहीत आहे.

"म्हून आले, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी एकडाव त्यांना हरवा."

मी हसलो. हसायला नको होतं. चार वर्षं मी दुसरं काय करतोय? दर शर्यतीला रजा, दर शर्यतीला टायर, पाठ गेली, आणि ही बाई सहज सांगावं तसं सांगते – हरवा. मी म्हटलं, क्लबला कळवलं तर ते त्यांना उतरूच देणार नाहीत. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, मग ते दुसऱ्या गावच्या शर्यतीला जातील, आणि माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. हरले तर मात्र स्वतःहून थांबतील.

त्या गेल्यावर शुभांगी वांगी चिरत बसली. शेवटचं वांगं चिरून झाल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं तू कशासाठी चालवतोस ते मला कळलं नव्हतं. आता निदान कारण तरी आहे."

कारण! मला कारण नकोच होतं. त्या पावणेदोन मिनिटांत मला कुणी काही विचारत नाही, एवढंच होतं.

१६ डिसेंबर, रविवार

गंगापूर रोडच्या पुढे मोकळ्या प्लॉटवर शर्यत. जिंकायचंच म्हणून गेलो आणि दोन खांब पाडले. चौथा. चौथा तर मी पहिल्या वर्षीही नव्हतो.

खंडेराव पहिले. गाडीतून उतरून जरा वेळ दाराला धरून उभे राहिले. बाकीच्यांना वाटलं, धूळ गेली असेल डोळ्यात.

मग माझ्याकडे आले. भारत, तुझं काय बिनसलंय, विचारलं. मी म्हटलं, काही नाही, कंपनीतला त्रास. ते बॉनेटवर टेकले. म्हणाले, तू घड्याळाशी भांडतोस, जमिनीकडे बघतच नाहीस. एक दिवस मळ्यात ये.

हो म्हणालो. काय म्हणणार?

२२ डिसेंबर

पाठीला शेक. शुभांगीच्या शिकवण्यांची मुलं बाहेर पाढे म्हणत होती. तेवढ्यात डोळा लागला.

१२ जानेवारी २००२, शनिवार

मखमलाबादला जाऊन आलो. वांग्याच्या पलीकडे त्यांचं एक पडीक रान आहे. त्यांनी मला आधी गाडीत बसूच दिलं नाही. चालवलं. अनवाणी! इथं मुरूम आहे, इथं काळी माती, इथं दोन्हींची भेसळ, हे तळपायाला कळेपर्यंत फिरवलं. मुरमावर ब्रेक मारला की गाडी गोट्यासारखी घरंगळते. ब्रेक मारायचा तो काळ्या मातीवर, आणि मुरूम यायच्या आत पाय उचलायचा. चार वर्षं मी सगळे ब्रेक चुकीच्या जागी मारत होतो. एवढी साधी गोष्ट! इंजिन शंभरदा उघडलं, खाली कधी पाहिलं नाही.

मग गाडी घेऊन फिरवली. ते बांधावरून हात करत होते – आता, आता सोड. तिसऱ्या फेरीला मी त्यांच्याकडे पाहिलं तर हात खाली होता. बसले होते. जानेवारीची थंडी आणि कपाळावर घाम. मी धावत गेलो तर तळपायातला काटा शोधत असल्यासारखं करायला लागले. मीही काटाच मानला.

निघताना विचारलं, दादा, तुम्ही मला हे सगळं का शिकवता? तर म्हणाले, एकट्यानं पहिलं येऊन कंटाळा येतो.

येताना वहिनींनी पुन्हा वांगी दिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी बघितलं नाही. नवरा शिकवतोय, बायको हरवायला सांगतेय, आणि मी दोघांच्या मळ्यातली वांगी घेऊन घरी.

२७ जानेवारी, रविवार

दुसरा. पण फक्त अर्ध्या सेकंदानं. खंडेराव माझ्याहून जास्त खूश. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मला नीट बघवेना.

९ फेब्रुवारी

कंपनीत स्वेच्छानिवृत्तीचा कागद फिरतोय. एकोणचाळिसाव्या वर्षी निवृत्त! साहेब म्हणाले, विचार करा, जबरदस्ती नाही. सगळ्यांना हेच म्हणाले.

खूप दमलो आहे. ही चोवीस तारखेची शर्यत झाली की मीही बास. जिंकलो तरी, हरलो तरी.

२४ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो.

नीट लिहून ठेवतो, कारण मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही.

जागा तीच, ओझरच्या अलीकडचा माळ. आज वहिनीही आल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. डबा घेऊन शेवटच्या वळणापाशी दोरीच्या बाहेर उभ्या. खंडेराव सकाळपासून त्याच कौतुकात – आमची मालकीण आलीय म्हणून ज्याला त्याला सांगत होते.

प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. पहिलीत ते एक एक्केचाळीस, मी एक बेचाळीस. दुसरीत ते थोडे मागे पडले. त्यांच्यानंतर मी. ते गाडीतून उतरून शेवटच्या रेषेपाशी उभे राहिले होते, माझी फेरी बघायला.

अशी फेरी माझ्या हातून पुन्हा होणार नाही. तळपायांना आपोआप कळत होतं. काळी माती – दाब. मुरूम – सोड. पाठ दुखतेय हेही विसरलो होतो. शेवटच्या डाव्या वळणाला गाडी मागून थोडी जास्त सरकली आणि मागच्या चाकापाशी ठक् आवाज झाला. आरशात बघितलं तर नुसती धूळ. रेषा ओलांडली. एक मिनिट चाळीस आणि थोडं.

त्या वळणावर खांब पडला की वर करायचा झेंडा घेऊन क्लबातले एक प्राध्यापक होते. धुळीत तोंडाला रुमाल लावून उभे. झेंडा वर गेला नाही. मी उतरून मागं बघितलं, धूळ बसली होती. खांब उभा होता. सरळ. कागदावर दंड शून्य.

मग ठक् काय होतं? दगड असेल. दगडच असणार.

खंडेरावांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले की आपलं झालं आता, आपण थांबलो. लोक हसले, आग्रह करायला लागले. ते आपल्या गाडीकडे गेले, वहिनी आधीच आत बसल्या होत्या.

शुभांगीनं श्रीखंड आणलं. मी खाल्लं.

२५ फेब्रुवारी

मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर पांढरा ओरखडा आहे. डब्यांना चुना लावलेला असतो.

खांब पडला असेल तर माझी वेळ एक पंचेचाळीस. म्हणजे खंडेराव पहिले. पण मग तो उभा कसा?

२ मार्च, शनिवार

गाडी धुतली नाही. सकाळी जाऊन तो ओरखडा पुन्हा बघितला. ओझरला जाताना दर वेळी कुठं ना कुठं घासतेच, तेव्हाचा असेल. त्या रविवारचा नाही, आधीचा असेल. असं तीनदा ठरवलं.

कंपनीत पेढे मागितले. दिले.

१० मार्च

क्लबातून फोन. चषकावर नाव घालायचंय, स्पेलिंग विचारत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्पेलिंग सांगितलं.

सांगितलं तर ते पुन्हा पहिले होतील. पहिले झाले की चालवतील. चालवलं तर – नाही सांगितलं तर मी चोर. दोन्हीकडून सुटका नाही. शुभांगी म्हणते, तुला खात्री आहे का? नाही. मग गप्प बस, म्हणते. पण त्या माणसानं मला अनवाणी चालवून शिकवलं.

१६ मार्च, शनिवार

मखमलाबादला गेलो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं.

खंडेराव नव्हते, तपासण्यांना गेले होते पुतण्याबरोबर. वहिनी ओट्यावर शेवंतीची फुलं निवडत होत्या. ऑपरेशनला तयार झालेत, म्हणाल्या, एक तारखेला भरती करायचंय. आता रात्री झोप लागते त्यांना. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण हात थांबला होता.

मी बसलो. मग म्हणून टाकलं, "वहिनी, मला वाटतं त्या दिवशी माझा खांब पडला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पडला असता तर पडलेला दिसला असता ना, भाऊ," म्हणाल्या. आणि चहा ठेवायला आत गेल्या.

खरंच की. पडलेला दिसला असता. चहा घेऊन परत आलो. खूप दिवसांनी बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं.

२३ मार्च

स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली नाही. काही ठरवून नाही. ठरवायला जीवच नव्हता.

२ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात गेलो. ऑपरेशन परवा. खंडेराव पांढऱ्या चादरीत फार लहान दिसत होते. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मला राहवलं नाही. ओरखडा, ठक्, सगळं सांगून टाकलं.

ते छताकडे बघत होते.

"पडला हुता," म्हणाले. "मी रेषेवरून बघितला. मालकिणीनं दोरीखालून जाऊन उभा केला. धूळ हुती, बाकी कुणाला दिसलं नाय."

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत?

"सत्तावीस वर्सं झाली लग्नाला. कधी कुणाच्या मळ्यातलं वांगं उचललं नाय तिनं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तिच्यावर ही पाळी मी आणली, भारत. मंग काय बोलू?"

तेवढ्यात वहिनी औषधं घेऊन आल्या. काय बोलत होतात, विचारलं.

खंडेराव म्हणाले, "काय नाय. त्या दिवशी यानं चांगली चालवली, तेच."