उत्साहाच्या बाटलीचं वजन

तीर्थस्वरूप वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला गेला का? इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, आणि हे ठीक म्हणजे खरोखरचं ठीक, मागच्या पत्रात तुम्हाला काळजी नको म्हणून लिहिलं होतं तसलं नव्हे.

तुम्ही टपालाने मागवून पाठवलेल्या त्या उत्साहाच्या कॅप्सूलच्या बाटलीचे गुण गावे तेवढे थोडे. वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्यापासून तुमच्या बंधूंचं काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही तिकडे बसून नुसत्या फोनवर ओळखलंत. मला एका घरात राहूनही कळलं नाही. कळणार कसं, मी आपली खुशीत होते! जन्मभर ज्या माणसाने भाजीत मीठ कमी, पडदा वाकडा, दाराची कडी सैल असं ऐकवलं, तो एकाएकी सगळ्याला ‘छान आहे’ म्हणायला लागला. मला वाटलं, माझी पूजाअर्चा फळाला आली. मग एकदा भाजीत मीठ घालायचंच राहिलं. हे खाली मान घालून मुकाट जेवले आणि वर ‘छान झालीय’ म्हणाले, तेव्हा माझे डोळे उघडले. हा माणूस चव घ्यायचंच विसरला होता, वन्सं. दिवसभर खिडकीशी बसायचं, रस्त्याकडे बघायचं, आणि बघितलेलं काहीच सांगायचं नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासून सांगितलं की प्रकृती ठणठणीत आहे, मन जरा उतरलंय; फिरा, माणसांत मिसळा, आणि आणखी खचल्यासारखं वाटलं तर लगेच या. तुमच्या त्या वनस्पतींच्या कॅप्सूलचं विचारलं, तर बाटलीवरचं सगळं वाचून म्हणाले, “ह्यांना दुसरं औषध काही चालू नाही, तेव्हा घेऊ देत. कुणाला गुण वाटतो, कुणाला नाही. छातीठोक मी काही सांगणार नाही.” (फी मात्र छातीठोक घेतली. मी खर्चात ‘डॉक्टर, माहीत नसल्याबद्दल’ असं मांडून ठेवलंय.) घरी येऊन बाटली आधी देवापुढे ठेवली आणि मग रोज जेवणानंतर एक कॅप्सूल ह्यांच्या हातावर ठेवू लागले. हे तीही निमूट घ्यायचे. ‘छान आहे’ म्हणायचे. कॅप्सूलला!

बरेच दिवस काही फरक नाही. आणि मग एके दिवशी चमत्कार झाला. कॅप्सूल तोंडाशी नेता नेता ह्यांचा हात थांबला. बोटांत फिरवली, कानाशी हलवली, आणि म्हणाले, “ही हलकी आहे.” मी म्हटलं, औषध हलकंच बरं, पचायला. पण ऐकतंय कोण! स्टूल घेतलं, माळ्यावरून खात्यातल्या दिवसांपासूनचा तो लहान तराजू काढला, पारडी पुसली आणि बाटलीतल्या उरलेल्या सगळ्या कॅप्सूल तोलल्या. एकीसारखी दुसरी नाही! “एका बाटलीत इतके न्याय?” असं म्हणून जे उठले, ते चपला उलटसुलट घालून तराजूसकट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. मी मागे पळत.

दुकानदार बिचारा म्हणतो, “साहेब, ही बाटली माझ्याकडची नाही. मला कशाला तोलता?”

“तुम्हाला कोण तोलतंय? तशीच दुसरी काढा. आणि पंखा बंद करा, पारडं हलतंय.”

दुकानातली बाटली फोडली तर सगळ्या कॅप्सूल एका वजनाच्या. (ती बाटली आपल्याला विकत घ्यावी लागली, ते असो.) तेव्हा ह्यांनी भर दुकानात निकाल दिला की कंपनी दुकानांना पूर्ण माल देते आणि टपालाने मागवणाऱ्यांना लुबाडते. गिऱ्हाइकं भोवती गोळा झाली. एका आजीबाईंनी पिशवीतली साखरेची पुडी पुढे केली, “माझी पण बघा हो.” ह्यांनी बघितली. वन्सं, त्या वेळचा ह्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात! ताठ मान, एक डोळा बारीक, काट्याला धाक बसेल अशी नजर. लग्नात मी ह्याच माणसाला हार घातला होता, ते आठवलं.

आता रोज सकाळी दाढी करून बाहेर पडतात, चार लोकांशी बोलतात, तिघांशी भांडतात. काल जेवताना म्हणाले, “मीठ कमी आहे. आणि पडदा कधी सरळ करणार आहेस?” मी उठून देवापुढे हात जोडले. ही सगळी तुमच्या बाटलीची पुण्याई. मोठ्या बहिणीची माया अशी असते.

यजमानांना नमस्कार, नातवंडांचे पापे घ्या, आणि मला आशीर्वाद द्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. सोबत ह्यांनी लिहिलेला तक्रारअर्ज आहे. बाटली तुमच्या नावावर मागवलेली, म्हणून सही तुमची हवी. तुमची सही होऊन आल्याशिवाय कंपनीला पाठवणार नाहीत, नियमाने चालणारा माणूस.

पुन्हा ता. क. हात जोडते, सही करू नका. कंपनीचा काडीचा दोष नाही. एवढी महाग वस्तू पुरवून पुरवून वापरावी म्हणून मीच कॅप्सूल उघडून अर्धी अर्धी भुकटी डबीत काढून ठेवली होती. तीही अंदाजाने, म्हणून कमीजास्त. निरपराध माणसांवर आळ येऊ द्यायचा नाही, आणि ह्यांना खरं सांगून पुन्हा त्या खिडकीशी बसवायचंही नाही. मी तर बाई पेचात पडले आहे.

शेवटचं. तेव्हा सहीला नाही म्हणू नका आणि हो म्हणू नका. नुसत्या शंका काढा. तराजू तपासलेला होता का, हवा दमट होती का, साक्षीदार कोण, असं एकेका पत्रात एकेक. हे उत्तरं शोधत हिंडत राहतील. राग मानू नका वन्सं, पण माझं लग्न ठरताना तुम्ही माझ्यात जेवढ्या शंका काढल्या होत्यात, त्याच्या निम्म्या जरी काढल्यात, तरी ह्यांचं वर्ष सुखात जाईल.