समोरासमोर शिकलेली लेस

बाई, तुमची नात आज तुमच्या गावी, तुमच्या बहिणीच्या घरी पोचणार. सकाळपासून मी फोन उचलून बघतेय, आणि त्यावर फक्त माझ्या धाकट्याचा निरोप आहे की त्याचे खेळायचे मोजे सापडत नाहीत. नातीच्या सॅकमध्ये, दोन टी-शर्टांच्या घडीत, तिनं स्वतः विणलेला लेसचा हातभर पट्टा आहे. तुमची बहीण तो बघणार आणि सांगणार, ही तुमच्या घरची लेस आहे की नाही. पोरीला शिकवलं मी आणि मला शिकवलंत तुम्ही. मधे काही बिघडलं असेल तर ते माझ्याच हातून, म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय.

समोर मी तुम्हाला कधी बाई म्हटलं नाही. कामावर सगळे नावानं हाक मारायचे, मीही मारायचे, पण आईच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं बोलवताना जीभ अडखळायची. घरी मात्र तुम्ही पहिल्या आठवड्यापासून बाईच होतात. नवरा हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आला की विचारायचा, "आज बाई काय म्हणाल्या?" बहुतेक दिवशी तुम्ही मला रागावलेल्या असायचात. पुण्याची मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन मी त्याच्यामागून परदेशात, इकडे गॉलवेला आले, घरात बसून बसून कंटाळले आणि शेवटी हृदयाच्या कृत्रिम झडपा शिवायच्या कारखान्यात कामाला लागले. पांढरा झगा, डोक्याला जाळी, मायक्रोस्कोपखाली केसासारखा दोरा. पहिल्या दिवशीचे माझे टाके तुम्ही नीट बघितलेत, कात्री घेतलीत आणि सगळेच्या सगळे कापून टाकलेत. "सैल आहेत. हे कुणाच्या तरी छातीत जायचंय. तिथे जाऊन घट्ट करणार आहेस का?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग दाराशी झगा काढता काढता म्हणालात, "गुरुवारी माझ्या घरी ये. तुझ्या हातांना कुणी काही शिकवलेलंच नाही." रडत घरी आले, नवऱ्याला म्हटलं, मी मुळीच जाणार नाही. पण गुरुवारी संध्याकाळी दुसरीकडे कुठे जाणार होते मी? ओळखीचं होतंच कोण?

तुमचं ते स्वयंपाकघर. तुम्ही वरच्या प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, खुर्चीवर चढून ती गोल उशी खाली काढताय. उशीवर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्या, आणि टाचण्यांवरून लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या टोकांना लाकडी बॉबिनी. त्या एकमेकींवर आपटल्या की बांगड्यांसारख्या वाजतात. तुम्ही खिडकीशी बसता, मी टेबलाच्या पलीकडे तुमच्यासमोर. तुमचे हात एवढे भरभर चालतात की मला कोणती बॉबिन कुठे गेली तेच कळत नाही, आणि थांबून दाखवा म्हणायची सोय नाही. थांबलात तर रागावणार. "आवळ. अजून आवळ. दोऱ्याला कळू दे तू बसली आहेस ते." स्टोव्हवर कॉफी आणि तोंडी लावायला अक्रोडाची पोळी. पोळी मीच म्हणते तिला, तुमच्याकडचं तिचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही.

हात चालत असले की तुम्ही बोलायचात. पाऱ्याच्या खाणीचं गाव, खाणीत वडील, आणि त्यांच्या पगारात भागत नाही म्हणून घराघरांत लेस विणणाऱ्या बायका. तुम्ही एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला म्हणून इथे आलात तेव्हा तुमच्या पासपोर्टवरच्या देशाचं नावसुद्धा वेगळं होतं, तो देश पुढे फुटला. इथल्याच माणसाशी लग्न केलंत, लेक झाली. लेकीला दुकानात तुमच्या बोलण्याची लाज वाटायची, ती दोन पावलं पुढे चालायची. तिनं उशीला हात लावला नाही. हे सांगताना तुमचे हात थांबले नाहीत, पण त्या दिवशी दोरा तुटला. "माझ्यापाशी संपलं," एवढंच म्हणालात. मी माझ्या पोरांचं रडगाणं सांगितलं, मी मराठीत विचारते आणि दोघं इंग्लिशमध्ये उत्तर देतात म्हणून. तर माझ्यावरच डाफरलात, "मग? तू बोल. कान तर आहेत ना त्यांना?" मी बोलत राहिले. मोठा आता फोनवर आजीला मराठीत शेंड्या लावतो, तेव्हा तुमची आठवण येते.

तुम्ही गेलात त्यानंतर तुमच्या लेकीनं ती उशी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तुलाच ठाऊक आहे ह्याचं काय करायचं." मला वाईट वाटलं तिच्यासाठी. आणि दोन वर्षांपूर्वी दारात एक उंच, लाल केसांची मुलगी, कपाळ थेट तुमचं. "ममी सेज यू हॅव माय नॅन्स पिलो." गुरुवारी ये म्हटलं, दुसरं काही सुचलंच नाही. ती आली, येत राहिली. मी मराठीत रागावते, ती इंग्लिशमध्ये हसते. मागच्या महिन्यात तिनं तुमच्या गावच्या लेसच्या शाळेतले व्हिडिओ बघितले आणि हळूच विचारलं, "आँटी, आपण उलटं करतो का?" बघितलं तर खरंच. तुमचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला यायचा. समोर बसून, आरशात बघावं तसं मी उचललं सगळं, आणि पोरीला शेजारी बसवून तसंच शिकवलं. तुम्ही मात्र मी दोरा आवळला की नाही तेवढंच बघत राहिलात! पोरीला म्हटलं, नको नेऊस हे, तिथे शिकून दुसरं कर. तर म्हणे, "डोन्ट बी वरीइंग. हेच नेणार."

इथवर लिहिलं आणि पोरीचा फोन आला.

तुमच्या बहिणीनं पट्टा खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला, म्हणाली, सगळं उलटं आहे, कुणी शिकवलं हे? नातीनं सांगितलं, भारतातल्या बाईनं. म्हातारीनं पट्टा दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि तिला हसू आवरेना. म्हणाली, हा ताण माझ्या बहिणीचा. आई रोज ओरडायची तिच्यावर, एवढं आवळू नकोस म्हणून, तिनं कधी ऐकलं नाही. बाई, मला घट्ट आवळायचं वेड तुम्ही लावलंत, आणि ती तुमचीच खोड निघाली! मग तिनं स्वतःची उशी टेबलाच्या एका बाजूला घेतली आणि पोरीला दुसरी उशी देऊन समोर बसवलं. आता दोघी विणतायत, एक सुलटं, एक उलटं. पोरीनं वर्षभर तिथेच राहून शिकावं असं बहीण म्हणते, आणि ती राहणार आहे. तुमच्या लेकीनंही विचारलंय म्हणे, पुढच्या महिन्यात मीही येऊ का. तुमच्यापाशी संपलं नाही, बाई. कुठेच संपलेलं नाही.

मी रडले, मग चहा केला. हे मराठी तुम्हाला वाचता आलं नसतं आणि पाठवायला पत्ताही नाही, तेव्हा हे कागद इथेच राहणार. एक सांगून टाकते. बाईंसाठी त्यांच्या नातीला शिकवते, असं मी सगळ्यांना सांगत आले. तसं नव्हतं. मला गुरुवारी कुणीतरी सोबत बसायला हवं होतं. आता वर्षभर ती खुर्ची रिकामी असेल. आज फोन ठेवल्यावर कामावरच्या नव्या मुलीला फोन लावून विचारलं, गुरुवारी माझ्या घरी येतेस का? ब्राझीलहून आलीय, टाके फार सैल घालते. येते म्हणाली.