एका हाराची दोन टोकं

आबा, यंदा सतरा सप्टेंबर आणि तुमची पितरांची तिथी एकाच दिवशी आली. सकाळी शाळेपुढं झेंडा चढला, मग नेहमीप्रमाणं हुतात्म्यांच्या दगडाला हार. निजामाविरुद्धच्या लढ्यात तुमचा थोरला भाऊ आणि शेजारच्या वावरातल्या काकांचा थोरला भाऊ सोबत गेले, सोबतच मारले गेले. म्हणून हार एकच आणि तो दोन्ही घरांनी मिळून घालायचा. पुढं बांधावरून तुमचं आणि काकांचं बोलणं तुटलं, ते शेवटपर्यंत. तरी दरसाल एक टोक तुम्ही धरायचात, दुसरं ते. मी शाळेच्या रांगेतून बघायचो: दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि हार कुठंही वाकडा नाही.

तुम्ही गेल्यापासून तुमचं टोक माझ्या हातात आहे. यंदा काका पुटपुटले, "वर धर की. तुझा बा वर धरायचा." इतक्या वर्षांत त्यांनी तुमचा विषय पहिल्यांदा काढला. मी तिथंच म्हणालो, "काका, आज आबांचं पितर हाय. त्यांच्या जागी तुमीच जेवायला बसा."

घरी कढी ढवळणारा बायकोचा हात थांबला. "पितर म्हणून वैऱ्यालाच बोलावून राहिलात? काहून?"

"आबांना त्यांच्याएवढं ओळखणारं आता गावात दुसरं कोण हाय?"

काका आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे. "तुझ्या बापानं वरून शिव्या घातल्या तर?"

"घालू द्या. तेवढंच बोलणं होईल."

ते हसले. मी त्यांचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, पाटावर बसवलं. ते जेवू लागले. मग बायकोकडं बघून म्हणाले, "सूनबाई, माझे दोन वडे झाले. आता त्याचे वाढ." बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि चार वाढले.

देवापुढं दिवा लावून हे लिहितो आहे. कागद कुठं पाठवायचा नाही, पोथीखाली ठेवीन. तुम्हाला न विचारता केलं, पण बराबर केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त त्या गडबडीत पत्र्यावर ठेवलेल्या घासाला कावळा शिवला का, ते बघायचं राहून गेलं. बायकोनं विचारलं तेव्हा मी शिवला म्हणून सांगितलं.